चालता धंदा विकत घेताना किमतीआधी अटी

चालता धंदा घ्यायचा म्हटला की बहुतेक जण आधी धंदा शोधायला निघतात आणि पैशाची सोय नंतर बघतात. आम्ही क्रम उलटा ठेवतो. धंदा पसंत पडल्यावर बँकेत गेलेल्या माणसाला घाई असते. विक्रेता रोज फोन करत असतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असं सुचवत असतो, आणि अशा वेळी बँक देईल ती मुदत आणि मागेल ते तारण मान्य करून सही होते. उलट, कर्जाची चाचपणी आधी झालेली असली की कोणता धंदा बघायचा आणि कोणता बघायचाही नाही, हे पहिल्याच फोनवर ठरतं.

हातातल्या पैशाचे आधी तीन वाटे करावेत. पहिला किमतीत घालायचा. दुसरा, धंदा ताब्यात आल्यावर पहिले काही महिने चालवायला लागणारा. तिसरा घरखर्चाचा, निदान सहा महिन्यांचा, जमल्यास वर्षाचा. बरेच खरेदीदार तिन्ही वाटे एकत्र करून ‘एवढ्याचा धंदा आपल्याला झेपतो’ असं म्हणतात आणि तिसऱ्या महिन्यात पगाराची तारीख आली की क्रेडिट कार्ड काढतात. धंदा चांगला असूनही खरेदीदार बुडालेला दिसतो तेव्हा पुष्कळदा कारण इथेच असतं.

कर्ज देणारा मुख्यतः चार गोष्टी बघतो: धंद्याच्या कमाईतून हप्ता निघतो का, तुमचे स्वतःचे किती लागले आहेत, या कामातला तुमचा अनुभव काय, आणि सगळं फसलं तर त्याच्या हाती काय लागेल. स्वतःचा वाटा साधारण १० ते ३० टक्के मागितला जातो. खरी अडचण चौथ्या प्रश्नाची. छोट्या धंद्याच्या किमतीत यंत्रं आणि माल यांचा भाग थोडा असतो, बाकी सगळी किंमत जमलेल्या गिऱ्हाइकीची. गिऱ्हाइकी तारण म्हणून धरली जात नाही. तारणात राहिलेली ही तूट मग वैयक्तिक हमीने, घर गहाण ठेवून, तुमच्या आयुर्विम्याची पॉलिसी बँकेच्या नावे करून भरून काढली जाते. पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत. हमी पूर्ण कर्जाची की ठरावीक रकमेपुरती? आणि निम्मं मुद्दल फिटल्यावर घर मोकळं होणार का? उत्तर तोंडी मिळालं तर ते नाहीच असं समजायचं.

शोध

मध्यस्थाच्या यादीत आलेले धंदे बघायला हरकत नाही, पण यादीत येईपर्यंत तो धंदा विक्रेत्याच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी नाकारलेला असतो, हे लक्षात ठेवावं. मध्यस्थाची दलाली बहुधा विक्रेता देतो, त्यामुळे त्याचं माप कुणाच्या बाजूला झुकणार हे उघड आहे. तरीही चांगला मध्यस्थ उपयोगी पडतो. विक्रेत्याच्या डोक्यातली अवाजवी किंमत तो खाली आणतो, कागद गोळा करून घेतो, आणि बोलणी फिसकटत आली की मधे उभा राहतो.

आमच्या मते सगळ्यात चांगले धंदे यादीत न येताच विकले जातात. त्यांचा सुगावा लागतो तो हिशेबनीस, वकील, कच्चा माल पुरवणारे आणि यंत्रं दुरुस्त करणारे यांच्याकडून. कोणाचा मुलगा धंद्यात येणार नाही, कोणाच्या भागीदारांचं पटत नाही, कोणी नवीन यंत्र घ्यायचं गेली तीन वर्षं पुढे ढकलतोय, हे त्यांना आधी कळतं. त्यांना ‘काही असलं तर सांगा’ म्हणून उपयोग नाही. नेमकं सांगावं: अमुक प्रकारचं काम, निदान पाच वर्षं जुनं, इतक्या ते इतक्या कामगारांचं, मालक निवृत्तीच्या विचारात. नेमकी मागणी माणसाच्या डोक्यात राहते. मोघम मागणी तो दार ओलांडेपर्यंत विसरतो.

दुसरा मार्ग थेट पत्राचा. एकाच क्षेत्रातल्या धंद्यांची यादी करायची आणि मालकाच्या नावाने एक पानी पत्र पाठवायचं. आपण कोण, हाच धंदा का, पैशाची सोय कशी आहे, कामगारांना ठेवणार का, आणि गोष्ट बाहेर जाणार नाही याची ग्वाही. किमतीचा उल्लेख नको. शंभर पत्रांना बोटांवर मोजण्याइतकी उत्तरं येतात आणि त्यातली निम्मी ‘आत्ता नाही’ अशी असतात. ती जपून ठेवावीत. ‘आत्ता नाही’ म्हणणारा माणूस वर्षभराने बोलायला तयार होतो, आणि तेव्हा त्याच्यासमोर तुम्ही एकटेच असता.

पहिल्या भेटीत धंदा का विकायचाय हे विचारलं की निवृत्ती, तब्येत, मुलं परगावी अशी उत्तरं येतात. ती बहुधा खरी असतात, पण अर्धी. उरलेला अर्धा भाग जागेच्या भाडेकरारात, सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरींत आणि मुख्य यंत्राच्या वयात सापडतो. करार पुढच्या वर्षी संपतोय आणि जागामालक भाडं दुप्पट मागतोय, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही.

मालकाची कमाई म्हणजे नेमकी किती

छोट्या धंद्याची किंमत ‘मालकाच्या एकूण कमाईच्या इतक्या पट’ अशी सांगितली जाते. एकूण कमाई म्हणजे नफा, अधिक मालकाचा पगार आणि नव्या मालकावर न पडणारे खर्च. साधारण दोन ते तीन पट. धंदा मालकावाचून चालत असेल तर जास्त, मालकाच्या दोन हातांवर चालत असेल तर कमी. वाद पटीवर होतात, पण पैसे जातात ते कमाईच्या आकड्यात. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणारं छोटं वर्कशॉप आहे आणि वर्षाची विक्री १०० आहे असं धरू. पुढचे सगळे आकडे याच मापात.

पत्रकात करापूर्वीचा नफा ६ दिसतो. विक्रेता त्यात स्वतःचा पगार ५, व्याज १, घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च) ३, घरची गाडी आणि घरचे फोन मिळून १.५, आणि एकदाच झालेला कोर्टखर्च ०.५ मिळवतो. बेरीज १७. तिची तिप्पट करून तो ५१ मागतो.

या मिळवणीत तत्त्वतः चूक काही नाही. चूक असते ती वजाबाकी न करण्यात. हिशेब घरची व्यक्ती बिनपगारी ठेवते आहे. उद्या माणूस ठेवावा लागेल, त्याचे २. जागा विक्रेत्याच्याच मालकीची आहे आणि भाडं बाजारभावापेक्षा १.५ ने कमी लावलंय. घसारा मिळवला खरा, पण लेथ आणि मिलिंग मशीन काही अमर नाहीत. त्यांच्या बदलीसाठी वर्षाला २.५ बाजूला टाकावेच लागतात. १७ मधून ६ गेले, उरले ११. आता विचार अडीच पटीचा केला तर किंमत २७ ते २८ येते. मागितलेल्या ५१ च्या जवळजवळ निम्मी, आणि अजून आपण घासाघीस सुरूही केलेली नाही.

या ११ मधून तुमचा स्वतःचा पगार ४ आणि कर साधारण १ काढा. हप्त्यांसाठी उरले ६. बँकेला साधारणपणे हप्त्याच्या सव्वापट कमाई लागते, म्हणजे वर्षाचे हप्ते ४.८ च्या आसपास हवेत. दहा टक्के व्याजाने ४.८ मध्ये पाच वर्षांचं कर्ज बसतं सुमारे १९, सात वर्षांचं २४, दहा वर्षांचं ३०. धंदा तोच, कमाई तीच, फक्त मुदत बदलली आणि झेपणारी रक्कम दीडपटीच्या वर गेली. त्यामुळे मुदत ठरायच्या आधी किमतीवर वाद घालण्यात फारसा अर्थ नसतो.

विक्रेत्याचे पैसे धंद्यात अडकवणं

या सगळ्या व्यवहारात आम्ही एका प्रश्नाला सगळ्यात जास्त किंमत देतो: विक्रेता आपल्या पैशांपैकी किती नंतर घ्यायला तयार आहे? ताळेबंद, गिऱ्हाइकांची पत्रं, मध्यस्थाची पुस्तिका हे सगळं रंगवता येतं. किमतीतला तीस टक्के भाग पाच-सात वर्षांत, धंद्याच्याच कमाईतून घ्यायला तयार असलेला माणूस मात्र आपल्या धंद्याबद्दल काहीतरी सांगत असतो. ‘सगळे रोख, आणि महिन्याभरात’ म्हणणाराही सांगतच असतो. त्याला खरोखर पैशाची नड असू शकते, म्हणून लगेच उठून जाऊ नये. पण कारण पटेपर्यंत पुढेही जाऊ नये.

वरच्याच वर्कशॉपचे दोन सौदे शेजारी ठेवू. पहिल्यात घासाघीस करून किंमत २७ वर आणली, सगळी रोख. स्वतःचे ६, बँकेचे २१. एवढ्या कर्जाला तारण पुरत नाही म्हणून बँकेने मुदत पाचच वर्षांची दिली. वर्षाचे हप्ते ५.३५, म्हणजे ४.८ च्या बरेच वर. कमाई ६. दुसऱ्या सौद्यात विक्रेत्याला ३० कबूल केले. स्वतःचे ६, बँकेचे १५ सात वर्षांनी, आणि विक्रेत्याची उधारी ९, आठ टक्के व्याजाने, पहिलं वर्ष फक्त व्याज आणि पुढची सहा वर्षं हप्ते. पहिल्या वर्षी एकूण द्यायचे ३.७१, दुसऱ्यापासून ४.८८.

एकूण पैसे दुसऱ्या सौद्यात जास्त जातात, हे खरंच आहे. पण पहिल्याच वर्षी विक्रीतला दहावा हिस्सा घेणारं एक गिऱ्हाईक गेलं असं धरा. त्या १० वर माल-मजुरी जाऊन ४ उरत होते, ते गेले. ६ चे राहिले २. यंत्रबदलीचे २.५ त्या वर्षापुरते लांबवले तर हाताशी ४.५. दुसरा सौदा ३.७१ भरून तग धरतो. पहिल्यात ०.८५ ची तूट येते आणि ती तुमच्या पगारातून किंवा घरखर्चाच्या वाट्यातून जाते. तीन ने स्वस्त घेतलेला धंदा इथे महाग पडतो.

विक्रेत्याच्या उधारीचा आणखी एक उपयोग करारात लिहून घ्यायचा असतो: वजावटीचा हक्क. ताबा घेतल्यावर जुनं न सांगितलेलं देणं निघालं, कराची नोटीस आली, दिलेल्या मालाची जुनी तक्रार आली, तर ती रक्कम पुढच्या हप्त्यांतून कापून घेता येईल असं कलम. हे नसेल तर तुम्ही हप्ता भरत राहता आणि वसुलीसाठी वेगळा दावा लावता. विक्रेत्याचा वकील या कलमावर अडतो. मधला मार्ग असा की वादाची रक्कम तिऱ्हाइताच्या एस्क्रो खात्यात जमा करायची आणि निकाल लागेपर्यंत दोघांनीही तिला हात लावायचा नाही.

बँकही या उधारीकडे चांगल्या नजरेने बघते, पण तिची अट असते की आधी आमचे हप्ते, मग विक्रेत्याचे. काही वेळा ठरावीक काळ विक्रेत्याला मुद्दल देऊच नका असं ती लिहून मागते. हे विक्रेत्याला शेवटच्या आठवड्यात कळलं तर सौदा मोडतो. म्हणून बँकेचा हा मसुदा आम्ही इरादापत्राच्या (पक्क्या कराराआधी ठरलेल्या मुद्द्यांचं पत्र) वेळीच त्याच्यापुढे ठेवतो.

काही विक्रेते म्हणतात, पुढच्या वर्षी मोठं काम येणार आहे, त्याची किंमत धरा. तेवढा भाग ‘आलं तर देऊ’ अशा अटीवर ठेवावा. त्याचं माप विक्री किंवा त्या कामावरचा ढोबळ नफा (विक्रीतून माल-मजुरी वजा जाता उरणारा) असावं. निव्वळ नफ्यावर ठेवलात तर खर्च कोणता धरायचा यावर भांडण ठरलेलं. मुदत एक, फार तर दोन वर्षं.

कागद तपासणं

इरादापत्रात किंमत, अटी, खेळत्या भांडवलाचं (यायचे पैसे आणि माल, वजा पुरवठादारांची देणी) माप, विक्रेता किती दिवस शिकवणार, गुप्तता, आणि ६० ते ९० दिवस तो दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही, एवढं असावं. यातली गुप्तता आणि ‘दुसऱ्याशी बोलणार नाही’ ही कलमंच सहसा बंधनकारक ठेवतात; बाकीचं तपासणीवर अवलंबून. बयाणा द्यायचाच तर विक्रेत्याच्या हातात न देता एस्क्रोत, आणि तपासणीत न पटल्यास परत, असं लिहून.

तपासणीत पहिला दिवस आम्ही बँकेच्या स्टेटमेंटवर घालवतो. हिशेब साधा आहे. वर्षभराची विक्री, अधिक तिच्यावर गोळा केलेला कर, अधिक वर्षाच्या सुरुवातीची येणी, वजा वर्षअखेरची येणी. एवढी रक्कम खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे. खात्यातल्या जमेतून आधी स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले पैसे, घेतलेलं कर्ज, घरच्यांनी टाकलेले पैसे आणि न वटलेले चेक काढून टाकायचे. गिऱ्हाइकांनी दिलेले आगाऊ पैसे वेगळे धरायचे. हे निदान २४ महिन्यांचं, शक्यतो ३६ महिन्यांचं करावं. दोन-तीन टक्क्यांचा फरक समजावून सांगता येतो. दहा टक्क्यांचा फरक असेल तर एकतर विक्री फुगवलेली आहे किंवा दुसरं खातं दाखवलेलं नाही. स्टेटमेंट छापील प्रतीवर घेऊ नये. विक्रेत्याला शेजारी बसवून त्याच्या लॉगिनमधून डाउनलोड करून घ्यावं. कराची विवरणपत्रंही तशीच, मूळ ठिकाणाहून.

‘खरी विक्री कागदावरच्यापेक्षा बरीच जास्त आहे’ हे वाक्य कधी ना कधी ऐकायला मिळतंच. त्याचे पैसे देऊ नयेत. न नोंदलेल्या विक्रीवर बँक कर्ज देत नाही, तुम्हाला ती पुढे विकताना दाखवता येत नाही, आणि ज्याने कर खात्याला एक आकडा सांगितला तो तुम्हाला दुसरा सांगतोय.

आकड्यांची उलटतपासणी वस्तूंच्या खपावरून होते. वर्कशॉपचं वीजबिल महिनावार विक्रीशेजारी मांडा. विक्री वाढली आणि युनिट तेवढीच, तर कामं बाहेरून करून घेतली जातायत किंवा बिलं नुसती कागदावर आहेत. धुलाईच्या धंद्यात पाणी, छपाईत कागद आणि शाई, कोणत्याही कारखान्यात भंगार. भंगार विकल्याच्या पावत्या फार बोलक्या असतात. विक्री दुप्पट आणि लोखंडाचा चुरा तेवढाच, असं होत नाही.

मग गिऱ्हाईकवार विक्री, तीन वर्षांची. एकाच गिऱ्हाइकाचा वाटा १५-२० टक्क्यांच्या वर गेला की बँक प्रश्न विचारते आणि तुम्हीही विचारावेत. त्याची ऑर्डर कोण घेतं? मालकाशी जुनी मैत्री आहे म्हणून येणारं काम मालकाबरोबर जातं. येण्यांची वयवार यादी (कुणाचे पैसे किती दिवस थकलेत याची) बघा. ९० दिवसांच्या वरच्या येण्यांचे पैसे देऊ नका, वसूल झाले तर विक्रेत्याचे. माल स्वतः मोजा. वर्षभर न हललेला माल भंगाराच्या भावाने धरा, खरेदीच्या नव्हे. यंत्रांचे क्रमांक उतरवून घ्या आणि ती कुणाकडे गहाण किंवा भाड्याची तर नाहीत हे नोंदणीत पाहा. कामगारांची साठलेली रजा, सेवा संपल्यावर द्यायच्या रकमा, भविष्यनिर्वाह निधीसारख्या योजनांची न भरलेली वर्गणी हे देणं ताळेबंदात बहुधा नसतंच.

भाडेकराराची उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नको. जागामालकाची संमती आणि परवाने यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते काम पहिल्या आठवड्यात सुरू करावं. काही परवाने हस्तांतरित होत नाहीत, नव्याने काढावे लागतात, आणि तोवर धंदा बंद ठेवावा लागणार असेल तर ते नुकसान किमतीत धरावं.

नुसती मालमत्ता घ्यायची की कंपनीचे शेअर, याचा निर्णय वकील आणि हिशेबनीस यांना एकत्र बसवून घ्यावा. मालमत्ता घेतली तर जुनी देणी बहुतांशी मागे राहतात, तरी कर आणि कामगारांची देणी अनेक कायद्यांत नव्या मालकाच्या मागे लागतात. शिवाय प्रत्येक करार नव्याने करावा लागतो. शेअर घेतले तर करार आणि परवाने बहुधा चालू राहतात, पण सगळा इतिहासही तुमच्या नावावर येतो. शेअरच्या सौद्यात विक्रेत्याची उधारी आणि वजावटीचा हक्क नसेल तर आम्ही सही करू नका असंच सांगू.

खेळतं भांडवल

इथे फसगत सगळ्यात जास्त होते, कारण सौद्याच्या किमतीत हे धरलंय की नाही हे कुणी स्पष्ट बोलतच नाही. आपल्या वर्कशॉपची गिऱ्हाइकं ६० दिवसांनी पैसे देतात; १०० विक्रीवर येणी १६ च्या वर. वर्षाला माल ५० चा लागतो. ३० दिवसांचा साठा म्हणजे ४. पुरवठादार ४५ दिवस थांबतात, देणी ६. निव्वळ १४ सतत धंद्यात अडकलेले. किंमत ३० ठरली आणि येणी व माल विक्रेत्याने स्वतःकडे ठेवले, तर धंदा खरं म्हणजे ४४ ला पडला. वर्कशॉपची वरची सगळी मांडणी नेहमीइतकं खेळतं भांडवल किमतीतच आलं आहे असं धरून केली आहे. ते वेगळं असेल तर कॅश क्रेडिटची (रोजच्या व्यवहारासाठी लागेल तसं उचलायच्या बँक कर्जाची) मर्यादा सौद्याआधी मंजूर झालेली हवी. ताबा घेतल्यानंतर नव्या मालकाला ती सहजी मिळत नाही, आणि पुरवठादारही नवीन नावाला आधी रोखीनेच माल देतात.

करारात माप असं लिहावं: मागच्या १२ महिन्यांच्या निव्वळ खेळत्या भांडवलाची सरासरी, ताब्याच्या दिवशी ते कमी भरलं तर तेवढी किंमत कमी, जास्त भरलं तर जास्त. एकाच दिवसाचा ताळेबंद धरू नये. विक्री ठरल्यावर चलाख विक्रेता येणी भराभर वसूल करतो, सूट देऊनही. देणी लांबवतो, माल आणत नाही, आणि रिकामं कपाट तुमच्या ताब्यात देतो. हंगामी धंद्यात तर सरासरीवाचून गत्यंतरच नाही.

ताबा

सही आणि ताबा यांच्यामध्ये महिना-दीड महिना जातो. या काळात विक्रेत्याचं लक्ष उडालेलं असतं. कोटेशन वेळेवर जात नाहीत, दुरुस्ती टाळली जाते. म्हणून दर महिन्याचे आकडे ताब्यापर्यंत मागत राहायचे, आणि ठरलेल्या टक्केवारीपेक्षा विक्री घटली तर सौदा सोडण्याची किंवा पुन्हा बोलण्याची मोकळीक करारात ठेवायची. उलट, तपासणीत काही नवीन न सापडता शेवटच्या दिवशी किंमत पाडून मागणारे खरेदीदारही असतात. ते करू नये. हाच माणूस पुढचे तीन महिने तुम्हाला गिऱ्हाइकांच्या दारात नेणार आहे.

मालाची मोजणी ताब्याच्या आदल्या संध्याकाळी, दोघांनी मिळून, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या. कामगारांना बातमी ताब्याच्या दिवशी सकाळी, विक्रेत्याच्या तोंडून, तुम्ही शेजारी उभे. ज्या दोघा-तिघांवाचून काम अडेल त्यांच्याशी मात्र विक्रेत्याच्या परवानगीने आधी बोलून, ठरावीक काळ थांबल्यास बोनस असं लेखी ठरवून घ्यावं. शिकवण्याची मुदत ३० ते ९० दिवस, पूर्णवेळ. त्यानंतर काही महिने फोनवर, तासांची मर्यादा ठरवून. पुन्हा तोच धंदा न करण्याच्या अटीत क्षेत्र आणि वर्षं नेमकी लिहावीत. ‘कुठेही कधीही नाही’ अशी अट कोर्टात टिकेलच असं नाही, आणि काही ठिकाणी वाजवी अटीलाही मर्यादा आहेत, तेव्हा स्थानिक वकिलाला विचारूनच.

हस्तांतराच्या यादीत यंत्रं आणि माल सगळे लिहितात. राहतात ते फोन नंबर, वेबसाइटचं डोमेन, ईमेल, नकाशावरच्या नोंदीचा पासवर्ड, यंत्रांच्या प्रोग्रॅमच्या फाइली, डाय आणि जिगची (भागाला आकार देणारी आणि काम करताना तो धरून ठेवणारी साधनं) मालकी कुणाची याचे कागद. गिऱ्हाईक वीस वर्षं एकाच नंबरवर फोन करत असतं. तो नंबर विक्रेत्याच्या वैयक्तिक नावावर असेल तर तो नावावर करून घेतल्याशिवाय पैसे सोडू नयेत.

ताबा घेतल्यावरही काही महिने गिऱ्हाइकं जुन्याच खात्यात पैसे भरत राहतात, कितीही पत्रं पाठवा. जुनं खातं लगेच बंद करायला लावलं तर पैसे परत जातात आणि वसुली महिनाभर अडते. ते निदान सहा महिने चालू ठेवावं, त्यात आलेले तुमचे पैसे विक्रेत्याने दर आठवड्याला यादीसह तुमच्या खात्यात वळवावेत, आणि खात्याचं स्टेटमेंट बघण्यापुरता प्रवेश तुम्हाला असावा. विक्रेत्याच्या वाट्याची जुनी येणी आणि तुमची नवी बिलं एकाच गिऱ्हाइकाकडे असतील तर आलेला पैसा कोणत्या बिलाला धरायचा तेही लिहून ठेवावं: गिऱ्हाइकाने बिलाचा क्रमांक दिला असेल तर त्या बिलाला, नसेल तर सर्वांत जुन्याला.